तू कालचाच ना?

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. संगणकाचे सगळे भाग ज्या हिरव्या फळीवर नांदतात, ती फळी म्हणजे मी. एका शिक्षिकेच्या टेबलाखाली मी बारा वर्षं काढली. बाई मुलांसाठी गोष्टी वाचत आणि तो आवाज डिस्कवर साठत जाई. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि बाईंचा आवाज कायमचा गेला. आता त्या वहीत लिहून बोलतात. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्या डिस्कवर.

तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांच्या लेकीने दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. माझ्या कोपऱ्यात बारीक पिनांची एक ओळ वर्षानुवर्षं रिकामी होती. ती कुणाची वाट पाहत होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. काकांनी तिथे नखाएवढी सुरक्षा चिप बसवली. डिस्कला कुलूप लागलं आणि किल्ली चिपच्या पोटात गेली.

हा पाहुणा एरवी अवाक्षर काढत नाही. पण रोज वीज आली, की इतर कुणी जागं होण्याआधी तो मला चाचपतो आणि विचारतो, "तू कालचाच ना?" पटलं तरच किल्ली देतो. माझ्याच अंगावर बसून माझीच ओळख मागतो. मला त्याची भीती वाटू लागली.

एकदा काकांनी, आलोच आहे तर, म्हणून माझ्यातला मूळ प्रोग्रॅम नवा केला. मला काहीच वेगळं वाटलं नाही. पाहुण्याने मला चाचपलं. पुन्हा चाचपलं. किल्ली काही दिली नाही. पडद्यावर कुलूप उघडायचा लांबलचक क्रमांक मागितला गेला. लेकीने तो जपून ठेवला होता. कुठे, तर त्याच डिस्कवर.

"शाब्बास," काका म्हणाले. "किल्ली आत ठेवून कपाट लावलंस. आणि मीही न विचारता हात घातला."

बाईंनी वहीत लिहिलं, "मी आत आहे ना अजून?"

"आहात, बाई. पण ती चिप आता या बोर्डाला ओळखत नाही."

जुन्याची प्रत काढल्याशिवाय नवं घालायचं नाही, ही काकांची सवय. तीच कामी आली. त्यांनी जुना प्रोग्रॅम परत घातला. पाहुण्याने बराच वेळ चाचपलं. मग किल्ली दिली.

खोलीत बाईंचा आवाज गोष्ट सांगू लागला. बाईंनी झटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आता तो क्रमांक कागदावर, माझ्यापासून दूर कपाटात आहे. मित्रांनो, तुम्हीही तसाच ठेवा. मी थकलो आहे. एखाद्या सकाळी, कुणी हात न लावताही, मी कालचा नसेन.