सूचना क्रमांक सहा

“काका, तुम्हाला लेख तपासायला दिला होता. तुम्ही तर सूचनाच तपासल्यात!”

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे चार कागद उचलून उजेडात धरले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मनाच्या आरोग्याविषयी लेख लिहिणाऱ्यांसाठी सूचना’. खाली एकोणीस सूचना होत्या आणि त्यांवर लाल शाईचा असा सडा पडला होता की मूळ मजकूर मधूनमधून जेमतेम डोकं वर काढत होता.

समोर बसलेल्या रफारकाकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. रफार हे नाव तिथल्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी ठेवलेलं. रफार जसा कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो, तसेच हे. छापखाना बंद झाला, माणसं पांगली, नाव तेवढं सोबत आलं. मग घरी बसून ते औषधांच्या खोक्यांवरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढू लागले, तेव्हा बायकोनेच हात जोडले, “अहो, कुठेतरी जा एकदाचे!” तेव्हापासून ते या तीन टेबलांच्या कचेरीत येत होते. डॉक्टरीणबाई दिवसभर रुग्ण तपासत आणि संध्याकाळी इथे येऊन मनाच्या आजारांविषयीची वेबसाइट चालवत. लिहिणारे हौशी पुष्कळ होते, पण एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळेल तर शपथ.

“आता हेच बघा,” काकांनी तिसऱ्या सूचनेवर बोट ठेवलं. “‘कलंकोत्पादक शब्दप्रयोगांचे परिवर्जन करावे.’ हे वाचून लेखक आधी शब्दकोश काढेल आणि मग पळून जाईल.”

“मग कसं म्हणायचं?”

“‘कुणाला वेडा म्हणू नका.’ संपलं.”

बाई खळखळून हसल्या. मग त्यांची नजर खाली सरकली. “पण ही सहावी का उडवलीत? ही तर सोपी आहे.”

सहावी सूचना होती, ‘मन खंबीर करा, असा सल्ला देऊ नये.’ काकांनी तिच्यावर आडवी रेघ ओढली होती.

“त्या सल्ल्यात काय वाईट? मी घरी रोज म्हणतो.”

“कुणाला?”

काका पेनाचं टोपण बसवण्यात गुंतले. “धाकट्याला. भावाला माझ्या.”

बाईंनी पुढे खोदून विचारलं नाही. “असं करा, सूचना तुम्हीच नव्याने लिहा. पुढच्या महिन्यात सगळे लेखक जमतील, त्यांना वाचून दाखवा. सहावी ठेवायची की नाही, तेही तुम्हीच ठरवा. फक्त त्याआधी हा उदासीनतेवरचा लेख नीट वाचा.”

धाकटा बावन्न वर्षांचा, एकटा जीव, दादा-वहिनीकडेच राहणारा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सात महिन्यांपूर्वी ताप आला म्हणून तो घरी थांबला. ताप उतरला, तरी तो “उद्या जातो” म्हणत राहिला आणि पुढे तेही म्हणेनासा झाला. मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी जेवायला बोलवायची, दादा खंबीर व्हायला सांगायचा. दोघांचाही आवाज तो सारख्याच शांतपणे ऐकून घ्यायचा.

रविवारी दुपारी काका लेख घेऊन त्याच्या खाटेशी गेले. प्रूफ तपासायला खरी दोन माणसं लागतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर नजर ठेवायची. “जरा जोडीला बसतोस का रे?” त्यांनी विचारलं. “माझ्या एकट्याने होत नाहीये.”

दादाला नाही म्हणणं धाकट्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून तो उठून बसला.

काकांनी खाकरून सुरुवात केली, “‘उदासीनतेने ग्रस्त व्यक्तीस दैनंदिन क्रियाकलापांमध्ये रस वाटेनासा होतो.’”

“खोटं आहे.”

“कागदावर तसंच आहे की!”

“कागदावर असेल. रस-बीस काही नाही, दादा. दात घासायचा ब्रश समोर दिसतो. तो उचलायचा म्हणजे चार मजले चढून जायचं आहे असं वाटतं. मग माणूस खालीच बसतो.”

काकांचं पेन हवेतच राहिलं. सात महिन्यांत धाकटा एका दमात इतकं बोलला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हातातल्या झाऱ्यासकट येऊन उभी राहिली.

“हे लिहू का मी?” काकांनी हळूच विचारलं.

धाकट्याने थोडा विचार केला. “लिही. माझं नाव नको.”

पाच पानांना अडीच तास लागले. वहिनीने दोनदा चहा केला आणि मध्येच ठसक्यात विचारलं, “हे ‘आप्तस्वकीय’ म्हणजे मीच ना? मग मला कळेल असं लिहा की!” त्यावर धाकटा हसला. आवाज थोडा घोगरा होता, पण हसूच होतं ते.

शेवटी काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “‘मन खंबीर करा’ म्हणू नये, म्हणे. तुझं काय मत?”

धाकटा खाटेची पट्टी बोटाने घासत राहिला. “तू म्हणायचास ना, तेव्हा वाटायचं, दादाला वाटतंय मी करतच नाहीये. मी रोज करत होतो रे. सकाळी डोळे उघडण्यातच सगळं संपून जायचं.”

काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. ही शोधायला त्यांना सात महिने लागले होते.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“जाऊ दे. तुझे उच्चार तरी शुद्ध होते,” धाकटा म्हणाला, आणि दारातून वहिनी इतक्या जोरात हसली की चहा सांडला.

दोन दिवसांनी त्याने स्वतःच विचारलं, “तुझ्या त्या डॉक्टरीणबाई माणसंही तपासतात, की नुसते लेखच?”

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बाईंशी बोलणं सुरू झालं. जादू काही झाली नाही. दोन दिवस बरे जात, तिसरा पुन्हा खाटेवर. अशा दिवशी काका फक्त “मी बाहेर बसलोय रे” एवढंच सांगत आणि खरोखरच बाहेर बसत.

महिन्याभराने लेखक जमले. एकोणीसच्या आठ झालेल्या सूचना काकांनी खणखणीत आवाजात वाचल्या. वाचणारा आधीच थकलेला आहे, त्याला वाक्यांनी आणखी थकवू नका. बरं होईलच असं वचन देऊ नका, पण मदत कुठे मिळते ते पत्त्यासकट सांगा. कुणाची गोष्ट लिहायची तर आधी त्याला विचारा. सहावी होती तशीच राहिली होती, एकही अक्षर न बदलता.

पहिल्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना ते रुचलं नाही. “इतकं सोपं लिहिलं तर लोक म्हणतील, हिला भाषाच येत नाही.”

काकांबरोबर आलेला धाकटा मागच्या खुर्चीतून उठला. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. “बाई, तुमचा उदासीनतेवरचा लेख मी ऐकलाय. मी तेव्हा खाटेवर होतो. पहिल्या वाक्यालाच परत झोपणार होतो, पण चूक सापडली म्हणून जागा राहिलो.”

मग सगळ्यांत आधी मुख्याध्यापिकाबाईच हसल्या आणि त्यांनी वही उघडली. “बसा इथे माझ्याजवळ,” त्या म्हणाल्या. “आणि सांगा, कुठे कुठे चुकलं ते.”

बाहेर पडल्यावर धाकटा चौकात थांबला. “दादा, तू हो पुढे. मी जरा दुकानावरून येतो. आत नाही जात, नुसता बघून येतो.”

काकांच्या ओठांवर तीन वाक्यं आली, तिन्ही व्याकरणाला धरून. ती त्यांनी गिळली. “बरं,” एवढंच म्हणाले.

पण पाय काही पुढे निघेनात. कोपऱ्यावर उभं राहून ते बघत राहिले. धाकटा रस्ता ओलांडून चष्म्याच्या दुकानासमोर गेला आणि पायरीच्या अलीकडेच थबकला. आतून मालकांनी त्याला पाहिलं. ते उठले, एक स्टूल उचलून दारात आणून ठेवलं आणि काहीही न बोलता परत आपल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

धाकटा थोडा वेळ उभाच होता. मग शर्टाची बाही नीट करून तो पायरी चढला आणि स्टुलावर बसला.