आजचा झाला

आमच्या होस्टेलवर परीक्षेच्या तोंडावर कुणालाही विचारा, "झाला का अभ्यास?" उत्तर ठरलेलं: "कुठलं काय, काहीच झालं नाही गं!" याचा अर्थ, सगळं दोनदा वाचून झालंय. फक्त माझी रूममेट सरळ म्हणायची, "आजचा झाला," आणि संध्याकाळी भलीमोठी बॅग घेऊन बाहेर पडायची. पहिला नंबर मात्र सोडायची नाही. आता इतकं खरं कोण बोलतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग मी तिच्यावर पाळतच ठेवली. तिचं कपाट उचकलं, लायब्ररी पालथी घातली. शेवटी काल तिच्या मागोमाग गेले. होस्टेलमागच्या मैदानावर बाईसाहेब मेसच्या मावशींबरोबर बॅडमिंटन खेळत होत्या! बाकावरच्या बॅगेत मी तळापर्यंत हात घातला. एक टॉवेल आणि जास्तीची रॅकेट, बस्स.

"काय शोधतेयस?" ती घाम पुसत आली.

"काही नाही."

"उद्याच्या पेपरचा झाला अभ्यास?"

"कुठलं काय, काहीच झालं नाही गं!" मी सवयीने म्हणाले.

ती हसली, सगळ्या हसतात तशीच. मला मात्र दरदरून घाम फुटला. पहिल्यांदाच ते खरं होतं.