तालमीनं ठरवलेली भाषा

मी एक जुना संगणक आहे. ज्या उजव्या हातासाठी मला घरात आणलं, तो हात शेवटपर्यंत उघडला नाही. मित्रांनो, हे दुसरं वाक्य मी बोललो नाही आणि तुम्ही वाचलं नाही. अजून काहीच बिघडलेलं नाही. आपण माझ्या जन्मापासून सुरू करू.

माझा जन्म एका जागी झाला नाही. डबा एका बंद पडलेल्या पतसंस्थेतून आला, कीबोर्ड लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आणि पडदा एका गावच्या दूध संस्थेतून. त्या पडद्यावर दुधाचे आकडे इतकी वर्षं उभे होते, की कोपऱ्यात ‘फॅट’ हा शब्द कायमचा पुसट उमटून राहिला होता. कोल्हापुरातल्या अमीननं आपल्या दुरुस्तीच्या दुकानात हे सगळं एकत्र बांधलं, माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, “चालतंय की.” माझी आयुष्यातली ही पहिली स्तुती. पुढं फार काही झाली नाही.

मला नेलं स्नेहलनं. ती बारावीला होती. तिचे वडील अमरसिंह उद्यमनगरात लेथवर कामाला होते आणि तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. एका सकाळी लेथसमोरच त्यांचं उजवं अंग गेलं. पाय हळूहळू सुधारला. हात सुधारेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीण बाई स्पष्ट म्हणाल्या, “जे काही परत यायचं, ते पहिल्या काही महिन्यांतच. बोटं हलती ठेवा. एकदा आखडली की संपलं.” आणि दाबायला एक रबरी बॉल देऊन गेल्या.

अमरसिंहांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. “मी गोलकीपर हाय. बॉल धरायचा तर तो समोरनं यायला पाहिजे की.”

म्हणून स्नेहलनं ठरवलं, की पप्पांसाठी एक साधा खेळ बनवायचा. पडद्यावर बॉल येणार, उजव्या बोटानं कळ दाबायची, गोलकीपर झेप घेणार. बस्स. खेळ बनवायचा म्हणजे माझ्याशी माझ्या भाषेत बोलावं लागतं, आणि अशा भाषा पुष्कळ आहेत. तिला शाळेत स्क्रॅच शिकवली होती. त्यात काही लिहावं लागत नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक लावत जायचं. एका दुपारी तिनं ठोकळे लावले आणि खेळ तयार झाला. गोलकीपरचं चित्र मिळालं नाही म्हणून तिथं मांजर उभं केलं.

अमरसिंह अर्ध्या चेहऱ्यानं हसले. “मांजर? गोलात?”

“पप्पा, बॉल येतोय! दाबा!”

तिनं त्यांचं बोट माझ्या लांब कळीवर ठेवलं. पहिला बॉल गेला. दुसरा गेला. पुढच्याला ते बोट दबलं. कुणाच्या मदतीशिवाय, एकदाच. मांजरानं झेप घेतली. माझ्या कळांवर हजारो पत्रिकांतली नावं बडवली गेली होती, पण कुणी इतक्या कष्टानं मला काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तात्या आले. मित्रांनो, तात्या म्हणजे गणपतराव, अमरसिंहांचे थोरले भाऊ आणि तालमीतले वस्ताद. माणूस वाईट नव्हता. भावाला पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढलेला माणूस. त्यांनी ठोकळे पाहिले, मांजर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ही भाषा न्हवं, अंगणवाडी हाय. पोरी, तालमीत आल्या आल्या कुणी कुस्ती धरतंय व्हय? आधी माती उकरायची, मग जोर-बैठका. पाया पक्का पाहिजे.”

“तात्या, मला नुसता एक बॉल आडवा सरकवायचाय.”

“सरकंल की. दमानं.”

पेठेत काहीही ठरवायचं तर तालमीतच, म्हणून तालमीत बैठक बसली. विषय दोनच होते : गणपतीची मिरवणूक आणि स्नेहलची भाषा. मिरवणुकीचा निकाल लागला नाही. भाषेचा लगेच लागला. सगळ्यांत जुनी आणि अवघड कोणती, असं विचारल्यावर कुणीतरी ‘सी’ म्हणालं, आणि ती हात वर करून मंजूर झाली. कागलकडच्या एका पाहुण्यानं कन्नड सुचवली होती. त्याला चहा पाजून खाली बसवलं.

तालमीचा आणखी एक रिवाज होता. वस्ताद बदलला की अंगावर जुन्या आखाड्याची माती ठेवायची नाही, स्वच्छ आंघोळ करूनच नव्या मातीत उतरायचं. भाषा बदलली म्हणजे वस्ताद बदलला, असं म्हणून तात्यांनी तो मला लागू केला. स्नेहल कॉलेजला गेली असताना त्यांनी अमीनला बोलावलं आणि मला फॉरमॅट करायला सांगितलं, म्हणजे पोटातलं सगळं धुऊन काढायचं.

अमीन म्हणाला, “तात्या, एका मशिनीवर धा भाषा राहत्यात. भांडत न्हाईत.”

“तुझ्या दुकानात राहत असतील. आमच्यात न्हाय.”

“काय ठेवायचं हाय का ह्यातलं?”

“काय न्हाय.”

मांजर गेलं.

संध्याकाळी स्नेहल रडली. मग तिनं पुण्याला कॉम्प्युटर शिकणाऱ्या चुलतभावाला, राजवर्धनला फोन लावला. तो म्हणाला, “स्क्रॅच? ते पोरांचं खेळणं असतंय गं.” तेव्हापासून तिलाच लाज वाटू लागली. ठोकळे पुन्हा एका दुपारीच लागले असते. पण तिला आता पप्पांसाठी खरा खेळ हवा होता. खरा गोलकीपर, अंगात पेठेच्या रंगाची जर्सी. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला बोलता येत नाही. हे सगळं मी आत्ता कसं सांगतोय, हा प्रश्न कृपया विचारू नये.

सी भाषेत पहिले काही आठवडे तारे छापतात. एका ओळीत एक तारा, खालच्या ओळीत दोन, मग तीन. तार्‍यांचा त्रिकोण. अमरसिंह रोज माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे, हात मांडीवर घेऊन.

“ह्यात बॉल कुठला?”

“पुढच्या आठवड्यात, पप्पा.”

मग उलटा त्रिकोण झाला. मग पोकळ त्रिकोण. अमरसिंहांची मधली दोन बोटं आत वळून आखडू लागली.

दिवाळीला राजवर्धन आला आणि म्हणाला, “सी कोण शिकतंय आता? पायथन घे.” तात्यांनी मान डोलावली, नवा वस्ताद मान्य केला आणि मला आंघोळ घातली. पायथनमध्ये बॉल खरंच आला. गोल, पांढरा, वरून खाली पडणारा. तो आडवा जायच्या आधी राजवर्धनला नोकरी लागली आणि त्याचं मत बदललं. आता जावास्क्रिप्ट. पुन्हा अमीन, पुन्हा आंघोळ.  या वेळी अमीननं आधी अमरसिंहांच्या हाताकडे पाहिलं. तोवर नखं कापायची म्हटलं तरी स्नेहलच्या आईला एकेक बोट उकलून धरावं लागत होतं.

शेवटी खेळ झाला. मित्रांनो, तो उत्तम झाला होता. मैदान होतं, जर्सी होती, प्रेक्षकांची आरोळीही होती. तात्यांनी तालमीतली पोरं आणली, पेढे आणले. स्नेहलनं पप्पांचा हात उचलून माझ्या कळीवर ठेवला. मूठ उघडली नाही. तिनं बोटं उकलून पाहिली. अमरसिंहांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सोडली.

बॉल येत राहिले. गोल होत राहिले. प्रत्येक गोलाला माझ्या पोटातले प्रेक्षक ओरडत होते आणि त्यांना बंद कसं करायचं हे स्नेहलला पटकन आठवेना.

“डाव्यानं खेळ की, अमर,” तात्या म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“डावा कधी आजारी हुता?” अमरसिंह म्हणाले आणि तात्यांसाठी पेढ्यांचा बॉक्स डाव्या हातानं पुढं सरकवला.

स्नेहलला आता चार भाषा येतात. तिनं पुन्हा खेळ बनवला नाही. मी माळ्यावर आहे.

मित्रांनो, पहिली भाषा कोणती, असं कुणी विचारलं तर जी हाताशी असेल ती, असं सांगा आणि त्याच दुपारी सुरू करा. समोर कुणी खुर्ची ओढून बसलं असेल, तर त्याच्याकडं बघत करा. आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्याच, धूळ पुसा, पण आम्ही कितीही थांबू शकतो. माणसाची बोटं थांबत नाहीत.

आणि शेवटी माझा एवढा एक अर्ज : सबब, सक्षम प्राधिकाऱ्यांस नम्र विनंती की, अमरसिंह यांच्या उजव्या हातास वैद्यकीय कारणास्तव नेमून दिलेली मुदत तालमीच्या बैठकीच्या तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने वाढवून मिळावी, आणि तसा लेखी आदेश हाताच्या नावे काढण्यात यावा.