जेवलीस का?

"आधी हात धुऊन या," म्हातारीने संग्रहालयवाल्याला दारातच सुनावलं. "त्याला मळके हात चालत नाहीत."

‘तो’ म्हणजे कोपऱ्यातला कंप्युटर. नवऱ्याने घराच्याही आधी घेतलेला. इतरांच्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं सरकायची, तेव्हा हा रंगीत चित्रं काढायचा. मराठी मात्र त्याला येत नव्हती. नवऱ्याने ठिपक्याला ठिपका जोडून एकेक अक्षर घडवलं आणि त्यावरच बायकोला वाचायला शिकवलं. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली. रोज जेवून उठली की ती बटण दाबायची. पडदा विचारायचा, ‘जेवलीस का?’ ती चाचपडत ‘हो’ लिहायची. ‘आता जरा पड,’ तो म्हणायचा.

लेकाला खोली रिकामी हवी होती, म्हणून त्यानेच संग्रहालयवाल्याला बोलावलं होतं. तिला एवढं एक बोलणं हवं होतं.

"आजी, असे मोजकेच निघाले," झाकणाचे स्क्रू काढत संग्रहालयवाला म्हणाला. "आज सगळे जे खिशात घेऊन फिरतात, त्याचा हा आजोबा."

"मग नातवाला न्या की. आजोबा माझा आहे."

झाकण निघालं आणि तो बघतच राहिला. "यात हार्ड डिस्कच नाही. लिहून ठेवलेलं सगळं तिच्यावर असतं."

दारातली सून चुळबुळली. "आई, ती यांनी काढली. बाबांची पत्रं हवी होती. आठ वर्षं झाली. तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून..."

म्हातारी पडद्याकडे वळली. ‘जेवलीस का’ नवऱ्याने लिहिलेलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. ‘आता जरा पड’ नंतर सुरू झालं. सात-आठ वर्षांपूर्वीच. तिला वाटलेलं, मेलं यंत्र शहाणं झालं.

"बटण दाबा."

"काही दिसणार नाही, आजी."

"दाबा म्हणते ना!"

पंखा घरघरला. ठिपक्यांची अक्षरं उमटली: ‘जेवलीस का?’

संग्रहालयवाल्याच्या हातातला स्क्रू घरंगळत गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

आज या पाहुण्यापायी जेवण राहिलं होतं. तिने पहिल्यांदाच ‘नाही’ लिहिलं.

पडदा काळा झाला. मग: ‘बरं. मी थांबतो.’

संग्रहालयवाला पिशवी तिथेच टाकून जिना उतरला.

सुनेने ताट आणून ठेवलं, लांबूनच. "आई, जेवून घ्या ना."

"जेवते गं. तुला कसली घाई?"

ऊन भिंतीवरून सरकत खिडकीबाहेर गेलं. अन्न गार झालं. अक्षरं तशीच होती, आणि म्हातारीने ताटाला बोटही लावलं नाही.