नाशिकच्या काकूंचं सुतक

"आपण नाशिकच्या काकूला मारू," रविकिरण आरशासमोर टाय बांधत म्हणाला.

तीळ निवडणारा श्यामलाचा हात थांबला. "काय करू?"

"अगं, खरंच नाही. राजलक्ष्मीबाईंना नुसतं सांगायचं, काकू गेली, सुतक आहे, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू नाही. त्यांना वाईटही वाटणार नाही आणि त्या येणारही नाहीत. सिंपल."

नाशिकची काकू ठणठणीत होती. गेल्याच आठवड्यात तिनं फोनवर रविकिरणच्या पोटदुखीची चौकशी केली होती. अशा बाईला मारताना या माणसाच्या टायची गाठसुद्धा वाकडी झाली नाही. श्यामलाला त्याची किळस आली.

रविकिरणचं बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. पुण्याहून बंगलोरला आल्यावर कुठल्याशा हॉटेलात तो 'व्यवसायात माणसं जोडा' नावाच्या दिवसभराच्या वर्गाला बसून आला, आणि तेव्हापासून भाजीवाल्याकडची वांगी दाबून बघावीत तसा तो माणसं बघू लागला. साहेब दाद देत नसेल तर साहेबाच्या बायकोशी ओळख काढायची, ही अक्कल तो तिथूनच घेऊन आला होता.

राजलक्ष्मीबाईंचे यजमान तेव्हा एका सरकारी कारखान्यात खरेदी अधिकारी होते. राजाजीनगरात, श्यामलाच्या घरामागच्याच गल्लीत त्यांचं घर. पिढ्यान् पिढ्या बंगलोरात मुरलेलं मराठी कुटुंब. जाऊन काय बोलायचं तेही रविकिरणनं श्यामलाला पढवून पाठवलं होतं. "मला सख्खी बहीण नाही. तुम्हाला अक्का म्हटलं तर चालेल?" श्यामलानं ते धडा म्हणावा तसं म्हणून टाकलं. राजलक्ष्मीबाईंचे डोळे भरून आले.

"चालेल काय ग, म्हण की!"

रविकिरणला ऑर्डर मिळाली. श्यामलाला मात्र, कुणी ठरवलं नसताना, खरीखुरी अक्का मिळाली. लेकीच्या, सिद्धीच्या जन्माच्या वेळी पुण्याहून आई येऊ शकली नाही, तेव्हा बाळ-बाळंतिणीला अक्कांनीच न्हाऊ घातलं, शेगडी पेटवली, रात्री जागवल्या. मग मागच्या दारानं ये-जा सुरू झाली. डबे इकडून तिकडे फिरू लागले. एकही डबा कधी रिकामा परत गेला नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी त्यात असायचीच.

गेल्या दसऱ्याला अक्कांच्या यजमानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दिवाळीला त्यांच्या घरी मिठाईचा पुडा गेला नाही.

"ते आता सिस्टीममध्ये नाहीत," रविकिरण म्हणाला होता. हळदीकुंकवाची मुख्य पाहुणी यंदा वेगळी होती. महादेवपुऱ्यातल्या एका नव्या कंपनीच्या परचेस मॅनेजरची बायको, मैत्रेयी. "राजलक्ष्मीबाई मॅडमना चिकटतील. नवऱ्यासाठी कुठे काम आहे का, विचारत बसतील. आपलं इम्प्रेशन काय राहील?"

वर्कशॉपमधली दोन मशिनं कामाअभावी बंद पडून होती. श्यामलानं मान हलवली. भाजीच्या गाडीपाशी अक्कांना गाठून तिनं सुतक सांगितलं.

"अय्यो! कधी ग?" अक्कांच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "तू स्वल्प जप हं स्वतःला. मी आहे."

त्या 'मी आहे'नं श्यामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल रेशमी साड्यांनी भरला. बायकांच्या हळदीकुंकवात रविकिरणचं काही काम नव्हतं, तरी तो दात दाखवत मधेमधे करत होता. वाण म्हणून द्यायच्या स्टीलच्या प्रत्येक डबीत त्यानं आपलं व्हिजिटिंग कार्ड घालून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं डबी उघडून कार्डाला चिकटलेला हलवा नखानं काढला, तेव्हा श्यामलानं मान फिरवली.

तिनं मैत्रेयीला कुंकू लावलं, अत्तर लावलं, ओटी भरली. आणि रविकिरण डोळ्यांनी खुणावत असताना तिची जीभ आपोआप वळली.

"मला सख्खी बहीण नाही. तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल?"

"ओह, सो स्वीट! चालेल ना."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात भांडं वाजलं. अक्का उभ्या होत्या. नेहमीसारख्या मागच्या दारानं आलेल्या, अंगावर घरातलं सुती लुगडं, हातात डबा. रोज गजरा माळणाऱ्या अक्कांच्या केसांत आज फूल नव्हतं. सुतकाच्या घरी भेटायला जायचं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं होतं.

"अरे, या, या... म्हणजे..." रविकिरण गडबडला. "मॅडम, या आमच्या मागच्या गल्लीतल्या."

अक्कांनी साड्यांकडे पाहिलं, कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं, मग श्यामलाकडे. त्या आत वळल्या. श्यामला करंडा घेऊन त्यांच्या मागे धावली.

"अक्का, ऐका ना..."

"माझ्याकडे पहिल्यांदा आलीस तेव्हा हेच म्हटलंस ना ग? अगदी हेच."

"ते यांनी शिकवलेलं होतं, अक्का. पण नंतरचं सगळं खरं होतं. देवाशपथ."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

श्यामलानं बोटावर कुंकू घेऊन हात पुढे केला. अक्का मागे सरल्या.

"नको. सुतक आहे ना? सुतकातलं कुंकू कशी लावून घेऊ मी?" त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "भात आणि सार आहे. फोडणी नाही घातली, स्वल्प सपक लागेल. जेवून घ्या. आणि डबा परत देताना त्यात काही घालू नका हं, मेडम. सुतकाच्या घरचं आम्ही खात नाही."

मागचं दार त्यांनी अगदी हळू लोटून घेतलं.

थोड्या वेळानं रविकिरण आत आला. "गेल्या? थँक गॉड! मॅडमना तू एकदम आवडलीस. पुढच्या रविवारी दोघांना जेवायला बोलावलंय." मग तो थबकला. श्यामला जरीच्या साडीत, ओट्यापाशी उभ्यानंच, डब्यातला भात सारात कालवून खात होती. "आत्ता काय खातेस हे? बाहेर लोक आहेत."

"तुमच्या काकू गेल्यात ना," ती म्हणाली. "बाजूला व्हा. तुमच्या सेंटच्या वासानं मला मळमळतंय."

तो काही तरी पुटपुटत बाहेर गेला. सार खरंच सपक होतं. तिनं शेवटच्या शितापर्यंत सगळं संपवलं. डबा घासला, पदरानं कोरडा केला. सवयीनं तिचा हात फळीवरच्या साखरेच्या बरणीकडे गेला. चमचा भरून वर आला, डब्यावर आला, आणि तिथेच थांबला.

मग तिनं साखर परत बरणीत ओतली आणि रिकाम्या डब्याला झाकण लावलं.