तीन बोटं कमी

घड्याळजींना आपल्या डोळ्यांचा भारी तोरा होता, आणि तो फुकटचा नव्हता. घड्याळं दुरुस्त करताना केसाएवढी स्प्रिंग ते अजून चिमट्याने अलगद उचलत. पण सत्तरीत एका ताऱ्याने त्यांची पाचावर धारण बसवली.

तारा कमी-जास्त तेजस्वी होणारा, भोवती धुक्यासारखा तेजोमेघ. दिवेलागणीनंतर घड्याळजी आणि त्यांची बायको गच्चीवर दुर्बीण लावत. बायकोने जन्मभर गणित शिकवलेलं, म्हणून नवऱ्यासकट सगळे तिला बाईच म्हणत. शेजारी एक मंद तारा, एक ठळक. त्या दोघांमधल्या दहा पायऱ्यांपैकी आपला तारा मंदाकडून कितवीवर, ते आळीपाळीने बघायचं आणि पाठीमागचे हात पुढे काढून बोटं एकदम दाखवायची. फसवाफसवी नको म्हणून बाईंनीच घातलेला नियम. बोटं वर्षानुवर्षं जुळत आली होती.

वाढदिवसाला बाईंनी त्यांना नवी नेत्रिका दिली, म्हणजे डोळा लावायचं भिंग. "हे तुमचं. मी आपली जुन्यावरच बरी."

तेव्हापासून घड्याळजींना तारा बाईंपेक्षा तीन पायऱ्या जास्त ठळक दिसू लागला; पहिल्या रात्री बोटं जुळली नाहीत, तेव्हा घाईत बघितलं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. बायकोने हौसेने दिलेल्या वस्तूवर कोण संशय घेणार? डोळेच अधू झाले, असं ते धरून चालले. बाईंना कळलं तर हा जोडीचा खेळ संपला, या भीतीने ते गुपचूप तीन बोटं मिटू लागले.

एका संध्याकाळी बोटं निघाली. बाईंची सात, घड्याळजींची चार.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "डोळे दाखवून येऊ या का?"

"मला सातच दिसला," घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं. "तीन बोटं मी मिटली. रोजच मिटतो."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. बाईंनी ऐकून घेतलं, दुर्बीण चाचपली आणि हसतच सुटल्या. आत त्यांची जुनीच नेत्रिका होती. घड्याळजी आपली नवी लावायला विसरले होते. नव्या नेत्रिकेत सगळं लहान दिसे, तेजोमेघाचा उजेड ताऱ्याला चिकटून बसे, आणि घड्याळजी तोही ताऱ्यातच धरत. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती.

"म्हणजे डोळे शाबूत आहेत?" घड्याळजींनी आनंदाने विचारलं.

"डोळे आहेत. अकलेचं बघावं लागेल." बाईंनी डोळे पुसले. "आणि डोळे गेले असते तरी मी बघितलं असतं आणि तुम्हाला सांगितलं असतं. एकटी येणार होते का मी इथे?"

घड्याळजींनी जुनी नेत्रिका काढून बाईंच्या हाती दिली.

"उद्यापासून हात पाठीमागे नाहीत," बाई म्हणाल्या. "समोर धरायचे."

घड्याळजींनी लगेच दोन्ही हात पुढे केले, आणि बाईंनी एकेक करून त्यांची दहाही बोटं मोजून घेतली.