तळ्याचं गाऱ्हाणं

आपण मूलनिवासी आहोत हे राजाबाईला शाल अंगावर पडल्यावर कळलं. तोवर ती बिचारी स्वतःला नुसती गवळी धनगर समजत होती. बेळगुंदीपल्याडच्या डोंगरावर तिच्या माणसांची घरं, खालचं गाव वसायच्या आधीपासनं. पण त्याची ना दाद ना फिर्याद. आज मात्र बेळगावच्या कॉलेजातल्या विनोदिनी मॅडम पोरं आणि सत्काराची शाल घेऊन आल्या होत्या.

"आम्हाला तुमच्याकडून खूप शिकायचंय," मॅडम म्हणाल्या.

"शिका की. आदी तळ्याचं फाटक उघडाय शिका."

खरं दुखणं तेच होतं. गावच्या मारुतीरावानं काजूची बाग केली आणि बागेबरोबर तळंही कुंपणात घातलं. गेल्या उन्हाळ्यात राजाबाईची एक म्हैस पाण्यावाचून मेली, आणि गाव मूग गिळून बसलं. यंदाही पाणी मिळालं नाही, तर उरलेल्या म्हशी विकून शहरात भांडी घासायची पाळी होती.

मॅडमनी मारुतीरावाला माफी मागायला सांगितलं. तो एका पायावर तयार! पेपरात फोटो येणार म्हटल्यावर तो रेड्याचीही माफी मागेल.

रवळनाथाच्या देवळापुढं गाव जमलं. तिथली रीत अशी, की मानकऱ्यानं नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि दर वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. तो होकार मोडायची कुणाची छाती नाही. मानकरी मारुतीरावच. त्यानं नारळ धरून डोळे मिटले.

"हे रवळनाथा म्हाराजा! डोंगरावरच्या लोकांच्या बाबतीत काय चूकभूल झाली आसंल, तर पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

मॅडमनी डोळे पुसले. राजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हैस मेली हिची, आणि माफी देवाची! तिनं पुढं घुसून नारळच हिसकला. बाईनं गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे सांगायला गुरवानं तोंड उघडलं आणि तिचा अवतार बघून मिटलं.

"देवा, तुझं काय बी गेलं न्हाय, तू गप बस," ती म्हणाली आणि गावाकडं वळली. "तळं आमच्या वाडवडलांचं हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीनं ओरडलं.

"ते ह्या मारुतीनं ढापलं!"

"व्हय म्हाराजा!" आता मागची माणसं दात काढत होती.

"आत्ताच्या आत्ता तो किल्ली देनार!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज मारुतीरावाचाच. जन्माची सवय, जीभ आधी गेली, अक्कल मागनं आली. त्यानं देवाकडं बघितलं, गावाकडं बघितलं. 

"आक्का," तो पुटपुटला, "माफी मागतो की तुझी."

"माफी ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. किल्ली आन."

किल्ली तळहातावर पडली, तशी मघापासून तडातडा बोलणारी राजाबाई हमसून हमसून रडायला लागली. मॅडम फोटोसाठी जवळ सरकल्या.

"बाजूला सर गं बाई," डोळे पुसत ती म्हणाली, "म्हशी तान्हेल्यात."